आपल्या गाडीचं माहेर बघायला कोण कोण गेलंय? (मोटरहोम, कॅम्पर, टेंपो ट्रॅव्हलर)

खिडकीतली_सीट (मुलुंड) | २८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरेच महिने मनात होतं, आज लिहायला बसलेय.

आमच्याकडे तीन वर्षांपासून कॅम्पर आहे. मुळात टेंपो ट्रॅव्हलर. रिकामी गाडी घेतली आणि भिवंडीजवळच्या एका कारागिराकडून आत दोन पलंग, ओटा, पाण्याच्या टाक्या, छपराला पंखा असं सगळं बसवून घेतलं. सोसायटीच्या कमानीखालून ती जात नाही, त्यामुळे घोडबंदरला एका वखारीच्या आवारात महिन्याच्या भाड्याने उभी असते. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही मुलुंडहून रिक्षाने तिच्याकडे जातो आणि तिथून पुढे निघतो. तीन वर्षांत कोकण, दोनदा गोकर्ण, एकदा थेट कच्छ.

दिवाळीत सासूबाई फराळाचे डबे गाडीत ठेवताना सहज म्हणाल्या, "ही आपल्या घरी आली त्याला तीन वर्षं झाली. हिला एकदा माहेरी नेऊन आणा की." आम्ही हसलो. पण रात्री नवऱ्याने आणि मी नकाशा उघडला. ट्रॅव्हलर बनते मध्य प्रदेशात पिथमपूरला, धार जिल्ह्यात, इंदूरच्या अलीकडे. नाशिक, धुळे, शिरपूर, सेंधवा करत आग्रा रोडने सरळ वर. नाताळच्या सुट्टीत तिघं आणि मुलगा असं जायचं जवळपास ठरलंय.

तर विचारायचं होतं की आपली गाडी जिथे बनली ते गाव बघायला कुणी गेलंय का? परदेशातल्या मोटरहोमवाल्यांमध्ये ही पद्धत आहे असं ऐकलंय. तिथे जाऊन नेमकं काय बघायचं? कुणाशी बोलायचं? नुसतं गेटसमोर उभं राहून फोटो काढून परत यायचं म्हटलं तर अकराशे किलोमीटरचं जाणं-येणं जिवावर येईल.

---

अटकेपार (मिनिआपोलिस) | २९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

फोटोवर थांबत नाही हो ते, जरूर जा. आमचा अनुभव सांगतो, जरा लांबेल.

आमची विनेबॅगो आहे, फोर्डच्या चासीवरची मोठी गाडी, जुनी घेतलेली. तिचं गाव फॉरेस्ट सिटी, आयोवा. आमच्या घरापासून दक्षिणेला अडीच तास. गाव म्हणजे जेमतेम चार हजार वस्ती, चारी बाजूंना मक्याची शेतं, आणि मधूनच अचानक कारखान्याच्या शेडची रांग सुरू होते. एवढ्या मोठ्या गाड्या एवढ्याशा गावात का बनतात, हे मला कधी कळलं नव्हतं. तिथे जाऊन कळलं. पन्नासच्या दशकात शेतीचं उत्पन्न घसरलं आणि तरुण पोरं गाव सोडायला लागली. जॉन के. हॅन्सन नावाचे तिथले दुकानदार, फर्निचर विकायचे. त्यांनी आणि गावातल्या काही जणांनी कॅलिफोर्नियातल्या एका ट्रेलर कंपनीला गळ घालून १९५८ मध्ये गावात कारखाना आणला. पुढे तो डबघाईला आला तेव्हा गावकऱ्यांनीच विकत घेतला. १९६० मध्ये जिल्ह्याचं नाव कंपनीला दिलं, विनेबॅगो. हे नाव मुळात तिथल्या हो-चंक या मूळ रहिवाशांना इतरांनी दिलेलं. १९६६ पासून मोटरहोम. म्हणजे गावातल्या पोरांनी गावात राहावं म्हणून जी खटपट झाली, त्यातून आमची गाडी आली.

उन्हाळ्यात तिथे मालकांचा मोठा मेळावा भरतो. देशभरातून गाड्या येतात, मैदानात राज्याराज्याच्या ओळी लागतात. आम्ही गेलो तेव्हा शेजारी ऐंशीच्या घरातलं एक जोडपं होतं, ते कितव्यांदा आले होते ते त्यांनाच आठवत नव्हतं. आम्ही कारखानाही पाहिला. भिंतीचं सँडविच कसं बनतं ते दाखवतात, मध्ये फोम, दोन्हीकडे पातळ थर, आणि सगळं एकत्र दाबून चिकटवलेलं. तोवर मला वाटायचं आमच्या गाडीची भिंत म्हणजे जाड पत्रा. आत काय आहे ते बघितल्यापासून मी भिंतीत कुठेही स्क्रू मारत सुटत नाही.

बायकोला मात्र दुसरंच आठवतं. गावातल्या खानावळीत वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, कुठल्या सालची गाडी? साल सांगितल्यावर म्हणाल्या, त्या वर्षी माझी आई पडदे शिवायच्या खात्यात होती. परत आल्यावर बायकोने गाडीतला पडदा उलटा करून शिवण बघितली. जुने म्हणून ते पडदे बदलायचे ठरले होते. आता धुऊन परत लावलेत.

एक कामाची गोष्ट. या कंपनीच्या जुन्या मॉडेलांचे वायरिंगचे आणि पाण्याच्या नळ्यांचे नकाशे वर्षावार त्यांच्या संस्थळावर आहेत. कुठली वायर कुठून गेली ते घरबसल्या कळतं. तुमच्या कारागिराने असा काही कागद दिलाय का?

---

खिडकीतली_सीट | २९ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

नाही हो. एक चिठोरंही नाही. मागच्या पावसाळ्यात फ्यूज उडाला तेव्हा वायर शोधायला नवऱ्याने अर्धा पलंग उचकटला होता.

पडद्याचं वाचून सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी "बघ" एवढंच म्हटलं आणि परत भाजी निवडायला लागल्या.

---

पाना_१०_१२ (चेंबूर) | २९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मी वाहन उद्योगात बावीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं वेगळं मत मांडतो. राग मानू नका.

पिथमपूरला तुमची ट्रॅव्हलर बनली, कॅम्पर नाही. कॅम्पर भिवंडीला बनला. तुम्ही झोपता, स्वयंपाक करता, पावसात कोरडे राहता किंवा राहत नाही, ते सगळं दुसऱ्या कामावर अवलंबून आहे. तेव्हा आधी त्या कारागिराच्या शेडमध्ये एक पूर्ण दिवस बसा. कुठे पत्रा कापला, टाकीचं वजन कुठल्या चाकावर येतं, गॅसची नळी कुठून नेली, हे त्याच्याकडून काढून घ्या आणि वहीत लिहा.

आणि कागदपत्रं तपासा. मोटर कॅरॅव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेला मूळ तपशील मनाने बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चं आहे, पण धोरण आलं म्हणून आरसी बुकातली नोंद आपोआप बदलत नाही. परराज्यात जाताय, तपासणी झाली तर आरसीवर काय लिहिलंय ते महत्त्वाचं.

आता गाडीच्या कुळाबद्दल, कारण हा माझा आवडता विषय आहे. टेंपो ट्रॅव्हलर पिथमपूरला १९८७ पासून बनते, डाइमलर-बेन्झच्या तंत्रज्ञानावर. तिचा मूळ नमुना म्हणजे मर्सिडीजची टी-१ व्हॅन, १९७७ ची. ती ब्रेमेनला बनायची म्हणून जर्मन लोक तिला ब्रेमेनवाली म्हणत. त्याच टी-१ ची जागा १९९५ मध्ये स्प्रिंटरने घेतली. अटकेपार यांच्या देशात आज कितीतरी लहान मोटरहोम स्प्रिंटरवर बांधतात. त्या गाड्या आणि मुलुंडकरांची ट्रॅव्हलर नात्याने मावस-चुलत लागतात.

---

नेकारकाठची_सई (स्टुटगार्ट) | ३० नोव्हेंबर, दुपारी २:१०

पाना यांनी टी-१ चं नाव काढलं म्हणून लिहितेय, एरवी मी नुसतीच वाचते.

आमच्याकडे हायमर कंपनीची जुनी मोटरहोम आहे. तिचं गाव बाड वाल्डझे, इथून दक्षिणेला, गरम पाण्याच्या झऱ्यांचं टुमदार गाव. कारखाना तिथेच आणि समोर एर्विन हायमर संग्रहालय, २०११ मध्ये उघडलेलं. मला तिथली सुरुवातीची गोष्ट फार आवडते. हायमर कुटुंबाचा गाड्या-बग्ग्या दुरुस्त करायचा साधा कारखाना होता. एरिक बाखेम हे विमानांचे अभियंते, युद्धाच्या शेवटी रॉकेटवर उडणारं लढाऊ विमान आखणारे. १९५७ च्या सुमारास ते हलक्या कॅरॅव्हॅनची कल्पना घेऊन हायमरांकडे आले. एरिकमधला 'एरि' आणि बाखेममधला 'बा', म्हणून त्या कॅरॅव्हॅनचं नाव एरिबा. विमानासारखा नळ्यांचा सांगाडा आणि वर पातळ पत्रा. इतकी हलकी की लहानशा मोटारीलाही ओढता यायची. संग्रहालयात त्या जवळून बघता येतात. आतली जागा इतकी मोजून-मापून वापरलीय की आमच्या गिरगावातल्या दीड खोलीची आठवण झाली. आईने तिथे पलंगाखाली बसवलेले खण, माळ्यावरच्या पेट्या, सगळं डोळ्यांसमोर आलं.

पण खरी गंमत बाहेर पार्किंगमध्ये. मर्सिडीज २०७ वरचा एक म्हातारा कॅम्पर उभा होता, टी-१ च. आणि त्याचा चेहरा! शिर्डीला जाणाऱ्या, लग्नाचं वऱ्हाड नेणाऱ्या आपल्या जुन्या टेंपो ट्रॅव्हलरचा चेहरा. मी नवऱ्याला म्हटलं, ही गाडी मी लहानपणापासून ओळखते. मालक आजोबांना फोनवर ट्रॅव्हलरचे फोटो दाखवले. ते एक एक फोटो मोठा करून बघत होते, दिवे, आरसे, दाराची मूठ. भारतात ही गाडी अजून नवी मिळते हे ऐकून त्यांनी बायकोला हाक मारून बोलावलं.

बाहेरगावच्या गाड्यांना तिथे रात्री उभं राहायला जागा असते, तिथेच आमची दोन दिवस गाठ पडली. तुम्ही पिथमपूरला जाऊन आलात की फोटो द्या, मी त्यांना पाठवेन.

---

ओहायोतली_मोगरा | ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

आम्ही जॅक्सन सेंटर पाहिलं, गाडीमागे ओढायचे राहते ट्रेलर बनवणाऱ्या एअरस्ट्रीमचं गाव. कंपनी १९३१ पासूनची, या गावात १९५२ पासून. गाव आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाडीएवढं. एकच गोष्ट सांगते. ते चकचकीत ॲल्युमिनियमचं अंग रिवेट ठोकून जोडतात आणि प्रत्येक रिवेटला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोड्याची बंदूक धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरून ठेवतो. मधल्या पत्र्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही, पण हात बरोबर समोरासमोर येतात. मी तिथून हलेना म्हणून वाट दाखवणारे गृहस्थ थांबून राहिले.

---

जुना_गोरेगावकर | १ डिसेंबर, सकाळी ६:२०

मी सहसा इथे फक्त पाककृती आणि रेल्वेचे धागे वाचतो. पण या धाग्यावर न लिहिणं शक्यच नव्हतं.

ताई, तुमच्या गाडीचं माहेर पिथमपूर असेल, पण तिचं आजोळ आमच्याकडे आहे. गोरेगावात.

ट्रॅव्हलर बनवणारी बजाज टेंपो कंपनी १९५८ मध्ये सुरू झाली ती गोरेगावला. एन. के. फिरोदियांनी हॅम्बुर्गच्या विडाल अँड झोन, टेंपो-वेर्क या कंपनीबरोबर करार केला आणि इथे हॅन्सिएट नावाची तीन चाकांची मालवाहू गाडी बनायला लागली. पुढे एकच चाक, इंजिन त्या चाकाच्याच डोक्यावर, मागे हौदा. त्या जर्मन कंपनीचं नाव टेंपो, म्हणून गाडी टेंपो, आणि मग मराठीत कुठलीही छोटी मालगाडी टेंपोच झाली. आज आपण "टेंपो बोलवा, सामान हलवायचंय" म्हणतो ते नाव हॅम्बुर्गहून निघून गोरेगावमार्गे आपल्या तोंडात बसलंय. १९६४ मध्ये उत्पादन पुण्याजवळ आकुर्डीला गेलं. मॅटाडोर व्हॅन १९६९ ची, आकुर्डीची. २००५ मध्ये कंपनीचं नावही बदलून फोर्स मोटर्स झालं.

माझे वडील गोरेगावच्या त्या कारखान्यात फिटर होते. आकुर्डीला चला म्हणाले तेव्हा आजी अंथरुणाला खिळलेली, म्हणून बाबा गेले नाहीत. दुसरीकडे नोकरी धरली, पण पुढे आयुष्यभर रस्त्यावर टेंपो दिसला की थांबून आवाज ऐकायचे. "पुढचं चाक ओढतंय बघ" म्हणायचे. त्यांचा हजेरीचा पितळी बिल्ला माझ्याकडे आहे. वाटोळा, रुपयापेक्षा थोडा मोठा, वर भोक, मध्ये आकडा ठोकलेला. कडा हाताळून गुळगुळीत झाल्या आहेत.

मुंबईत अशी गावं बरीच होती. आम्ही गाव म्हणायचो नाही इतकंच. कुर्ल्याला प्रीमियर, वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली. तिथे फियाट आणि पद्मिनी बनल्या. आज प्रीमियर रोड हे नाव आहे, कारखाना नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली, आणि तिला निरोप द्यायला जायला तिच्या गावात दरवाजाच उरला नव्हता. तुमच्या गाडीच्या गावाचा दरवाजा अजून उघडतो, भोंगा अजून होतो. बाकी सगळी कामं बाजूला ठेवून जाऊन या.

---

कुर्ल्याचा_शेजार | १ डिसेंबर, रात्री ९:००

काका, डोळ्यांत पाणी आलं. आमच्या चाळीतल्या निम्म्या घरांतून सकाळी माणसं प्रीमियरला चालत जायची. बिल्ल्याचा फोटो टाकाल का?

---

माळव्यातला (इंदूर) | २ डिसेंबर, सकाळी ८:३०

या या, जरूर या. पिथमपूर मोठी औद्योगिक वसाहत आहे, ट्रकचे, सुट्या भागांचे, औषधांचे कितीतरी कारखाने. तिथेच नॅट्रॅक्स आहे, गाड्यांच्या चाचणीचा ११.३ किलोमीटरचा वाटोळा ट्रॅक, २०२१ मध्ये सुरू झाला, आशियातला सर्वांत लांब. बाहेरून मात्र फक्त भिंत दिसेल.

कारखान्यात शिरायचं तर आधी रीतसर पत्र लिहा. ऐन वेळी गेटवर जाऊन कुणी सोडत नाही, सोडूही नये. पण शिफ्ट सुटायच्या वेळी चहाच्या टपरीवर उभे राहा. आणि महू अगदी जवळ आहे, तिथे गेल्याशिवाय परत फिरू नका.

---

खिडकीतली_सीट | ४ जानेवारी, रात्री ११:२०

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, कारण काय लिहू आणि काय सोडू असं झालं होतं.

पाना यांचं ऐकून निघायच्या आधी भिवंडीला गेले. कारागीर भेटला, पण "ताई, तीन वर्षांपूर्वीचं कुठं आठवतंय" याच्या पुढे काही निघालं नाही. आरसीची प्रत, विमा, गॅसची पावती सगळं एका फायलीत घालून घेतलं. कारखान्याला पत्र पाठवायचं आमच्याकडून राहूनच गेलं. मुलाच्या परीक्षा, नवऱ्याची रजा, यात डिसेंबर संपला. त्यामुळे आत जायला मिळणार नाही हे माहीत असूनच निघालो.

पहाटे घोडबंदर सोडलं, कसाऱ्याचा घाट उजाडताना. धुळ्यात जेवलो, रात्र सेंधव्याच्या पुढे एका पेट्रोल पंपावर काढली. दुसऱ्या दिवशी खलघाटला नर्मदा आली. सासूबाईंनी ओटी भरायचं सामान मुलुंडहूनच घेतलं होतं. पुढचा घाट ट्रॅव्हलर दुसऱ्या गिअरमध्ये संथपणे चढली. नवरा म्हणाला, माहेर जवळ आलं की पाय उचलतो म्हणतात, हिचं उलटंच. सासूबाई म्हणाल्या, "थकून येते रे लेक माहेरी. चालू दे तिच्या चालीने."

पिथमपूरला पोचलो तेव्हा दुपारची शिफ्ट सुटत होती. माळव्यातला यांनी सांगितल्याप्रमाणे टपरीसमोर गाडी लावली. दहा मिनिटं कुणी बघितलंही नाही. त्या रस्त्यावर ट्रॅव्हलर म्हणजे शेतात ज्वारीचं ताट. मग एक साठी उलटलेले गृहस्थ, स्वेटर आणि मफलर, चहाचा ग्लास हातात घेऊन गाडीभोवती चालायला लागले. पूर्ण फेरी मारली. मग बोटाच्या पेराने पत्रा वाजवत दुसरी फेरी. मी खाली उतरले. त्यांनी नंबरप्लेट बघून चक्क मराठीत विचारलं, "तुम्ही लोकं मुंबईचे? ही कापली कोणी?"

इंदूरचे मराठी. बॉडी खात्यात वेल्डर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घर जवळच, पण चार वाजताचा चहा अजून टपरीवरच घेतात.

आता छपराची गोष्ट. आमच्या गाडीत दोन पावसाळे पाणी गळत होतं, बरोबर सासूबाईंच्या पलंगावर. माळशेजला एका रात्री उशाखाली पातेलं ठेवून झोपलो होतो. भिवंडीच्या त्या कारागिराचं म्हणणं, मूळ पत्र्याचे सांधेच उघडे आहेत, कंपनीकडूनच तसं येतं. आम्हाला काय कळणार, आम्ही दर मे महिन्यात सगळ्या सांध्यांवर सिलिकॉन भरत होतो. हे मी काकांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. माझा हात धरला आणि दारावरच्या पन्हळीवर माझा अंगठा ठेवला. "हळूहळू पुढे न्या." रंगाखाली बारीक वाटोळे खळगे लागत होते. एक, मग दोन बोटं जागा, मग दुसरा, मग तेवढीच जागा, मग तिसरा. शेवटपर्यंत तसेच. म्हणाले, "हे आमचे स्पॉट, वेल्डिंगचे ठिपके. डोळे मिटून मोजा, अंतर चुकणार नाही." मग त्याच अंगठ्याने मला कारागिराने कापून बसवलेल्या खिडकीकडे नेलं. रबराच्या आत वेल्डिंगची ओबडधोबड रेघ, मध्येच पुट्टी, मध्येच पोकळ. "हे आमचं नाही."

तीन वर्षं रोज ज्या दारातून चढतेय, त्यावर माझा हात कधी फिरला नव्हता.

मग ते आत आले. पंख्याच्या चौकटीभोवतीचं प्लायवूड नवऱ्याला सोडायला सांगितलं. टॉर्च मारला आणि बराच वेळ वर बघत राहिले. छपराखाली पत्र्याला ताठ ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात. चौदा इंची पंख्याचं भोक पाडताना कारागिराने त्यातली एक पट्टी मधोमध कापली होती आणि टोकं तशीच सोडली होती, ग्राइंडरच्या कच्च्या कडेसह, गंजलेली. आधार गेल्यामुळे तिथला पत्रा जरासा खाली बसला. त्या खळग्यात पाणी साचतं, गाडी हलली की पत्रा लवतो, आणि वरचं सिलिकॉन सुटतं. सांध्यांचा काही दोष नव्हता. आम्ही दोन वर्षं भलत्याच ठिकाणी मलम लावत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे नेलं. भोकाभोवती लोखंडी कोनाची चौकट करून कापलेल्या पट्टीची दोन्ही टोकं तिला जोडली, गंज घासून प्रायमर मारला. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढलं, कारण त्यावर पुढचं काहीच नीट चिकटत नाही म्हणाले. मग ब्यूटाइलची टेप, म्हणजे मऊ रबरी चिकटपट्टी, लावून पंखा परत बसवला. काका शेवटपर्यंत उभे. पैसे विचारले तर हात जोडले.

ते काम चालू असताना एक वाक्य बोलले ते तसंच्या तसं लिहिते: "इतकी वर्षं रिकामे डबे बघितले ताई. लाइनवरून गेले की गेले. ह्यात कोणी झोपतं, कुकर लावतं, हे आज बघितलं." संध्याकाळी ते त्यांच्या मंडळींना घेऊन आले. सासूबाईंनी गाडीतल्या शेगडीवर चहा आणि कांदेपोहे केले. काकू पलंगावर बसल्या, खिडकीचा पडदा सरकवून बाहेर बघितला, गाद्या दाबून बघितल्या. काका दाराशीच उभे होते. त्यांना आत बसा म्हटलं तर म्हणाले, "थांबा, इथून दिसतंय छान."

निघताना सासूबाईंनी काकूंना ब्लाउजपीस आणि नारळ दिला. काकूंनी गाडीच्या पुढच्या काचेखाली हळद-कुंकू लावलं. ते अजून पुसलेलं नाही.

महूला गेलो. बाबासाहेबांचं जन्मस्थान, १४ एप्रिल १८९१. पांढऱ्या स्मारकात मुलगा खूप वेळ शांत उभा होता. त्यावर वेगळं लिहीन, ते इथे दोन ओळींत उरकायचं नाही.

---

पाना_१०_१२ | ५ जानेवारी, सकाळी ७:५०

माझे शब्द मागे घेतो. कॅम्पर भिवंडीला बनला म्हणालो होतो, पण भिवंडीत काय झालं ते पिथमपूरच्या माणसानेच सांगितलं. कापलेल्या पट्टीचा फोटो असेल तर द्या, अशाच गाड्या असलेल्या चार जणांना आजच दाखवायचाय. ट्रॅव्हलर घेऊन छपराला पंखा बसवलेल्या सगळ्यांनी पावसाळ्याआधी प्लायवूड उघडून बघा. ब्यूटाइल टेप नागदेवीला मिळेल. सिलिकॉन घेऊ नका.

---

नेकारकाठची_सई | ५ जानेवारी, दुपारी ३:३०

आजोबांना तुमचे फोटो पाठवले. त्यांनी लगेच स्वतःच्या गाडीच्या पन्हळीवर अंगठा फिरवतानाचा फोटो पाठवलाय. खाली टाकलाय, बघा.

---

जुना_गोरेगावकर | ५ जानेवारी, रात्री ८:१५

तीनदा वाचलं. बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

ताई, एक विचारू का? परत कधी त्या बाजूला जाणार असाल आणि गाडीत एखादी जागा असेल, तर मला यायचं आहे. वय एकाहत्तर, पण बसून प्रवास झेपतो. जेवणाचं काही पथ्य नाही. त्या वेल्डर काकांना भेटायचंय.

---

खिडकीतली_सीट | ५ जानेवारी, रात्री ८:४०

काका, विचारताय काय! मुलाच्या परीक्षा संपल्या की मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी निघतोय, या वेळी कारखान्याला पत्र आजच पाठवते. तुम्हाला घ्यायला आरे नाक्यावर येऊ, हायवेच्या बाजूला, पहाटे साडेचार. पुढची खिडकीची सीट तुमची. काकूंनाही आणा, पलंग दोन आहेत.

---

जुना_गोरेगावकर | ५ जानेवारी, रात्री ८:५५

चारलाच येऊन उभा राहीन. बिल्ला बरोबर आणतो.